नाव, आडनाव आणि स्वल्पविराम

हजेरीपटावर तुमचे पूर्ण नाव एका ओळीत लिहिलेले असते. आडनाव कोणते, तुमचे नाव कोणते आणि वडिलांचे नाव कोणते, हे वाचणाऱ्याला चटकन कळते. संगणकाला ते कळत नाही. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असलेला संगणकावरील तक्ता. त्यातील एका चौकटीत जे लिहाल, ते संगणकाच्या दृष्टीने एकसंध असते. त्यातले फक्त वडिलांचे नाव दाखल्यावर छापायचे असेल, तर आधी तो मजकूर वेगवेगळ्या स्तंभांत पाडावा लागतो.

एक्सेलमध्ये ही सोय आहे. नावांचा स्तंभ निवडा, 'डेटा' या टॅबवर जा आणि 'टेक्स्ट टू कॉलम्स' ही आज्ञा द्या. मजकूर कोणत्या खुणेपाशी तोडायचा, हे संगणक तुम्हांला विचारतो. टॅब, अर्धविराम, स्वल्पविराम, मोकळी जागा यांपैकी एक खूण निवडा, किंवा 'अदर' या शब्दापुढे तुमचे चिन्ह लिहा. गूगल शीट्समध्येही 'डेटा' या मेनूत अशीच आज्ञा आहे.

आता उदाहरणासाठी दोन नावे कल्पू या : 'पठाण इम्रान युसूफ' आणि 'शेख सलमा अब्दुल करीम'. खूण म्हणून मोकळी जागा निवडली, तर पहिल्या नावाचे तीन भाग बरोबर पडतात. दुसऱ्याचे मात्र चार होतात! वडिलांच्या नावाच्या स्तंभात नुसते 'अब्दुल' उरते आणि 'करीम' पुढच्या स्तंभात जाऊन पडते. उर्दूत हे नाव आपण बहुधा जोडूनच लिहितो. 'अब्दुल करीम' म्हणजे करीमचा, म्हणजे अल्लाहचा, बंदा. नुसत्या 'अब्दुल'ला अर्थच पुरा होत नाही. पण दाखल्यावर तेच छापले गेले, तर पुढे दुरुस्तीसाठी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. शिवाय चौथ्या स्तंभात आधीच जन्मतारीख असेल, तर सलमाच्या ओळीत तिच्या जागी 'करीम' येते. तेथे मजकूर आहे, तो बदलायचा का, असे एक्सेल आधी विचारते. पण घाईत लोक न वाचताच होकार देतात. म्हणून उजवीकडे पुरेसे रिकामे स्तंभ आधीच घालून ठेवावेत.

खरा उपाय यादी लिहितानाच करायचा असतो. 'शेख, सलमा, अब्दुल करीम' असे स्वल्पविराम देऊन लिहा आणि खूण म्हणून स्वल्पविराम निवडा. मग 'अब्दुल करीम' एकत्र राहते. स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा मात्र 'सलमा'च्या आधी चिकटून राहते. डोळ्यांना ती जाणवत नाही, पण संगणक ' सलमा' आणि 'सलमा' ही दोन वेगळी नावे मानतो. ती जागा 'ट्रिम' या सूत्राने काढून टाकता येते.

तुम्ही यादी उर्दूत टंकलिखित करत असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उर्दूचा स्वल्पविराम उलटा, वर वळलेला असतो. आपल्याला दोन्ही स्वल्पविरामच वाटतात. संगणकाला ती दोन निराळी चिन्हे आहेत. तक्त्यातील 'कॉमा' हा पर्याय निवडला, तर उर्दू यादी जशीच्या तशी राहते. तेव्हा 'अदर'पुढे उर्दू स्वल्पविरामच लिहावा.

शेवटच्या टप्प्यावर प्रत्येक स्तंभाचा प्रकार ठरवता येतो. '0418' असा नोंदणी क्रमांक असेल, तर त्या स्तंभासाठी 'टेक्स्ट' निवडा. नाहीतर सुरुवातीचे शून्य उडून जाते.

स्वल्पविराम न देता लिहिलेली जुनी यादी हाती आली, तर काय करावे? मोकळ्या जागेवर तोडा आणि चौथा स्तंभ ज्या ओळींत भरला आहे, तेवढ्या ओळी हाताने दुरुस्त करा. पण तीनच शब्द आहेत म्हणून ओळ बरोबर आहे, असे समजू नका. 'मोहम्मद अली युसूफ' या नावात आडनावच नसेल. 'मोहम्मद अली' हे मुलाचे नाव आणि 'युसूफ' हे वडिलांचे असेल. तसे आहे की नाही, हे कोणतीही आज्ञा सांगू शकत नाही. त्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे, किंवा सरळ त्या मुलालाच विचारावे.