टोचनाचा दोर

सोलापूरच्या काळ्या रानात मोठा पाऊस पडून गेला की पहिले दोन-तीन दिवस जाणता माणूस गाडी घालत नाही. ऊन पडलं की वरचा थर सुकतो, पापुद्रा धरतो, जमीन घट्ट झाल्यासारखी दिसते. चाक त्यावर आलं की पापुद्रा फुटतो आणि खालचा ओला गाळ चाकाला लागतो. दहा-वीस फुटांत टायरच्या सगळ्या खाचा भरून जातात. मडगार्डच्या आत चिखल दाबून बसतो. त्यानंतर गाडीत किती ताकद आहे याला अर्थ उरत नाही. चाक जागच्या जागी फिरतं, स्वतःसाठी खड्डा खणतं आणि गाडी पोटावर टेकते.

या चिखलाचं मूळ सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात आहे. दख्खनच्या त्या काळ्या दगडाची झीज होऊन जी माती झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते, एकेका भेगेत हात जाईल इतकी. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. तोच ओलावा धरून ठेवणारी ही माती आहे म्हणून इथे रब्बीची ज्वारी पिकते. मालदांडीचं ‘एम ३५-१’ हे प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं. ज्या गुणामुळे थंडीत पाऊस नसतानाही कणीस भरतं, त्याच गुणामुळे गाडी रुतते.

सह्याद्रीत ऑफ-रोडिंग करणाऱ्याला हे रान पहिल्यांदा दिसतं तेव्हा सोपं वाटतं. कडा नाही, दरी नाही, लाल मातीची घसरण नाही. सगळं सपाट. पण घाटात गाडी अडकली तर जवळपास झाड किंवा मोठा दगड सापडतो. गाडीच्या पुढच्या बंपरवरच्या विंचचा दोर त्याला बांधायचा, मोटर फिरवायची आणि गाडीने स्वतःलाच ओढून घ्यायचं. मोहोळ-माढ्याच्या मोकळ्या रानात विंचचा दोर बांधायला काही नसतं. बांधावरची बाभळ किंवा लिंब असतो, तोही बहुधा दोराच्या पल्ल्याबाहेर. स्टेपनीचं चाक खोल पुरून त्याला दोर बांधण्याची युक्ती आहे, पण ओल्या काळ्या मातीत कमरेइतका खड्डा खणायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. राहिला एकच उपाय : दुसरी गाडी. ती मुरमाच्या पट्ट्यावर उभी करायची आणि टोचन लावायचं, म्हणजे दोर बांधून ओढायचं.

ऑफ-रोड मेळाव्यांबद्दल बोलताना लोक चढ, उड्या, पाण्याचे फवारे यांची वर्णनं करतात. फोटोही तेच निघतात. मला मात्र असं ठामपणे वाटतं की या मेळाव्यांचा गाभा गाडी बंद पडते त्या जागी असतो. या छंदातली मैत्री स्वभावातून येते त्याहून जास्त गरजेतून येते. एकट्या गाडीने रानात जाणं हा मूर्खपणा आहे, हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून माणसं जमतात, आणि जमल्यावर एकमेकांची होतात.

सुरुवातीच्या मोठ्या नियोजित जीप मेळाव्यांपैकी एक १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउन या छोट्या गावाने भरवला. मार्क स्मिथ आणि गावकऱ्यांनी गावाच्या अर्थकारणाला हातभार लागावा म्हणून रुबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेवरून ५५ जीप आणि १५५ माणसं नेली. पुढे १९८० ते २००० या काळात ‘कॅमल ट्रॉफी’ नावाची मोहीम वेगवेगळ्या खंडांतल्या जंगलांतून आणि वाळवंटांतून होत असे. त्या स्पर्धेत जिंकणाऱ्याच्या चषकाबरोबर संघभावनेचा वेगळा पुरस्कार होता आणि तो ठरायचा सहभागी संघांच्याच मतांनी. कोण मागे थांबलं, कुणी आपला दोर दुसऱ्याला दिला, हे चिखलात सोबत असलेल्यांनाच ठाऊक असतं. मला ही पद्धत फार न्याय्य वाटते.

आपल्याकडे जीप आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या मागोमाग. १९४५ साली लुधियान्यात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलीज कंपनीकडून सुट्या भागांत आलेल्या पहिल्या ७५ जीप मुंबईत जुळवल्या गेल्या. पुढची सगळी पिढी, सीजे-३बी, एमएम-५४०, कमांडर, मार्शल, त्याच वंशातली. पुण्याच्या बजाज टेम्पोची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची, ट्रॅक्स त्यांच्या जोडीला आली.

सोलापुरात या गाड्या छंदासाठी आल्या नाहीत. कमांडर आणि ट्रॅक्स इथे वडापला, म्हणजे सीटप्रमाणे प्रवासी नेण्याच्या धंद्याला लागल्या. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा या भागांत एसटी जिथे दिवसातून एकदा जायची किंवा जातच नव्हती, तिथे बाजाराच्या दिवशी ही गाडी जायची. सीट भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवायचा. यात कौतुक करण्यासारखं सगळंच नाही. टपावर, मागच्या पायरीवर लटकून माणसं जायची आणि अपघातांत जीव गेले आहेत. पण ओढ्याच्या उतारावर गाडी रुतली की गडीमाणसं खाली उतरून धक्का मारत, म्हाताऱ्या बायका पिशव्या धरून बांधावर उभ्या राहत, आणि मागून येणारा वडापवाला धंद्यात स्पर्धक असूनही थांबून टोचन द्यायचा. उद्या आपली गाडी इथेच रुतणार आहे हे त्याला माहीत होतं. क्लब हा शब्द या रस्त्यांवर येण्याच्या कितीतरी आधी क्लबचा पहिला नियम इथे पाळला जात होता.

महाराष्ट्रात हौशी ऑफ-रोडिंगला व्यवस्थित रूप आलं ते १९९६ पासून. त्या वर्षी महिंद्राने आपल्या गाड्यांच्या मालकांसाठी ‘ग्रेट एस्केप’ सुरू केलं. लोणावळ्याच्या डोंगरांत पावसाळ्यात भरणाऱ्या त्याच्या फेऱ्यांतून एक पिढी फोर-लो गिअर वापरायला शिकली. नंतर इगतपुरीला कंपनीने प्रशिक्षणाचं मैदानच उभं केलं. २०१४ पासून गोव्यात भर पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय फेरी होऊ लागली. तिचं मूळ मलेशियात, १९९७ साली लुईस वी यांनी सुरू केलेल्या स्पर्धेत. या स्पर्धेत ड्रायव्हर आणि सोबती अशी जोडी असते. ड्रायव्हर आत बसून स्टिअरिंग धरतो, सोबती कमरेइतक्या चिखलात विंचचा हूक घेऊन झाडाकडे पळतो. बघणाऱ्याने सोबत्याकडे बघावं. सगळी स्पर्धा तोच जिंकतो किंवा हरतो.

मेळाव्याची रीत साधी आहे. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी सगळ्यात अनुभवी आणि हत्यारं असलेला. मधल्या प्रत्येकाने मागच्या गाडीवर नजर ठेवायची. ती आरशात दिसेनाशी झाली की थांबायचं. मागे कुणी राहायचं नाही. टायरची हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि मातीवरचा भार वाटला जातो. परतताना डांबरी लागायच्या आत ती पुन्हा भरायची.

ओढण्याचं काम दिसतं त्यापेक्षा धोक्याचं आहे. दीड-दोन टनांची रुतलेली गाडी खेचताना दोरात केवढा ताण साठतो ते दोर तुटेपर्यंत कळत नाही. तारेचा दोर तुटला तर तो परत उसळतो आणि वाटेत जे असेल ते कापतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या मध्यावर काहीतरी जड टाकतात : घोंगडं, ओलं पोतं, किंवा घरची जुनी सोलापुरी चादर चौपदरी करून. दोर तुटलाच तर त्या वजनाने जमिनीकडे येतो. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीवर उभं करायचं. ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला टोचन कधीही लावायचं नाही. तो तुटून तोफगोळ्यासारखा उडालेला आहे आणि जगभर त्याने माणसं मारली आहेत. उत्साही पाहुणा फोन घेऊन दोरावरून पाय टाकत येतो तेव्हा त्याच्यावर ओरडणारा माणूस उद्धट नसतो.

आता बिघाडांकडे येऊ, कारण खरा आनंद तिथे आहे.

जुन्या एमएम-५४० मध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन होतं. डिझेल संपत आलं किंवा नळी सैल झाली की पंप हवा धरतो आणि इंजिन गप्प होतं. मग कुणीतरी बॉनेट उघडतो, फिल्टरवरचा नट पान्याने सैल करतो, हातपंप मारत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. नट आवळला, स्टार्टर मारला, गाडी चालू. बॅटरी उतरली असेल तर चार जणांनी धक्का मारायचा. पेट्रोलच्या जुन्या जीपला सोलापूरच्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात वेगळंच दुखणं जडतं. पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप रिकामा चालतो. फडकं ओलं करून पंपावर ठेवायचं आणि सावलीत बसून चहा घ्यायचा. स्प्रिंगचा पाटा तुटला तर लाकडाचा गुटका घालून ट्यूबच्या रबराने करकचून आवळायचा आणि हळूहळू गावापर्यंत यायचं.

आणि एक दुरुस्ती अशी आहे की ती पाहिली की यंत्राबद्दल प्रेम वाटायला लागतं. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो, मागच्या चाकांना ताकद जाणं बंद होतं. साध्या गाडीचा प्रवास तिथेच संपला असता. जुन्या जीपच्या खाली झोपून चार-आठ बोल्ट काढतात, मागचा शाफ्टच सोडवून गाडीत टाकतात, पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करतात, गिअर फोर-बाय-फोरमध्ये घालतात, आणि जीप पुढच्या दोन चाकांवर घरी जाते. यासाठी पाने लागतात आणि खाली झोपायची तयारी. ती तयारी एकाची नसते. एक जण बॅटरी धरतो, एक जण बोल्ट टोपीत जमा करतो, एक जण नुसता गप्पा मारतो आणि तोही हवा असतो.

२०१० साली थार आली आणि २०२० मध्ये तिची नवी पिढी. सोलापुरातही फोर-बाय-फोर गाडी हौसेने घेणारे त्यानंतर वाढले. नवी गाडी जुनीपेक्षा सुरक्षित, आरामाची, आणि क्वचित बंद पडणारी. पण पडली तर? सेन्सर बिघडला की संगणक इंजिनची ताकद मर्यादित करतो. पाना घेऊन आलेल्या चार मित्रांना तिथे करण्यासारखं फार थोडं उरतं. त्रुटीचा कोड वाचणारं यंत्र जवळ असेल तर कळतं काय झालं. तेही भाग हाताशी असेल तरच उपयोगाचं. मला नव्या गाड्यांबद्दल तक्रार नाही, पण एक भीती आहे. अनोळखी माणसाच्या गाडीखाली झोपण्याचं कारणच संपलं तर हे मेळावे नुसते फोटो काढण्याचे होतील. अनेक गटांत आजही एखादी जुनी सीजे किंवा एमएम जाणीवपूर्वक बरोबर नेतात. तिच्या हातून नवे शिकतात.

दुसरी गोष्ट या जिल्ह्यात उघडपणे बोललीच पाहिजे. पडीक माळ म्हणजे मोकळं मैदान नव्हे. पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ साली तिथे अभयारण्य झालं. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालतो. आज त्याचं दर्शन इथे फार दुर्मीळ झालं आहे. त्याच गवतात लांडगा, काळवीट, खोकड राहतात. लांडग्यामागे गाडी घालून फोटो काढणं हा खेळ नाही, तो गुन्हा आहे. ऑफ-रोडवाल्यांनी गवताळ माळ सोडावा आणि मालकाची परवानगी घेऊन नांगरटीचं रान, खाणीची जागा, ओढ्याचा कोरडा पात्रभाग वापरावा. या बाबतीत क्लबनेच आपल्या माणसाला बाहेर काढण्याइतकं कठोर व्हायला हवं.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला जो पूर आला त्याने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली गावं वेढली. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली. एनडीआरएफ आणि लष्कर आलं, हेलिकॉप्टरने माणसं काढली. अशा वेळी फोर-बाय-फोरवाल्यांना वाटतं की आपण उतरावं. २०१८च्या केरळच्या पुरात तिथल्या ऑफ-रोड चालकांनी खरोखरच मोठं काम केलं. पण मर्यादा समजून घ्यायला हव्यात. नव्या थारची पाण्यात जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, फोर्सच्या गुरखाची ७००. ते आकडे स्थिर पाण्याचे. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक गाड्या वाहून जातात, कारण गाडीला पाणी वर उचलतं आणि प्रवाह बाजूला ढकलतो. सीनेच्या पुरात जीप घालणारा वाचवणारा राहत नाही, त्यालाच वाचवावं लागतं.

फोर-बाय-फोरवाल्यांचं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं. पूर उतरला की पाणंदी आठवडाभर गाळाने बंद असतात. वस्तीवर जनावरं असतात, वैरण वाहून गेलेली असते, पिण्याचं पाणी नसतं, आणि टेम्पो गावकुसापलीकडे जाऊ शकत नाही. हे अंतर दोन-तीन किलोमीटरचं असतं, आणि नेमकं तेच अंतर ओलांडायला ही माणसं शिकलेली असतात : हवा कमी करून, मुरमाचा पट्टा शोधून, एकामागे एक, दोर तयार ठेवून. पुढचा पावसाळा येण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या तहसील कार्यालयात अशा गाड्यांची, त्यांच्या चालकांची आणि त्यांच्याकडच्या विंच-दोरांची यादी असावी, आणि कुठल्या गावाला कोणत्या पाणंदीने जाता येतं हे त्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर एकदा कोरड्यात फिरून बघितलेलं असावं.