खाडीकांठचें शेत आणि प्रदूषणाचा कायदा

पेण तालुक्यांतील आमच्या गडबच्या परिसरांत, धरमतर खाडीच्या कांठीं, बांध घालून मिळविलेल्या खारजमिनींत भात पिकविण्याची वहिवाट जुनी आहे. खाऱ्या पाण्याशीं झगडण्याची आम्हां शेतकऱ्यांस संवय आहे. बांध फुटला तर तो डोळ्यांस दिसतो व चार माणसें जमवून बांधतां येतो. प्रदूषणानें झालेलें नुकसान शेतांत दिसतें, परंतु त्याचें कारण सहसा दाखवितां येत नाहीं. आणि कायदा तर कारणच विचारतो.

प्रदूषण तीन वाटांनीं शेतास पोहोंचतें. पहिली वाट पाण्याची. सांडपाण्यांतील सडणारे पदार्थ पाण्यांतला प्राणवायु संपवितात व मासे मरतात. क्षार वा आम्ल वाढल्यास रोपें करपतात. दुसरी हवेची. धूळ व काजळी पानांवर बसली म्हणजे रंध्रें बुजतात, उजेड कमी मिळतो व दाणा नीट भरत नाहीं. तिसरी मातीची. कॅडमियमसारखे जड धातु जमिनींत सांचले तर वर्षानुवर्षें राहतात व भातांतून ताटांत येतात.

कायदे कमी नाहींत. महाराष्ट्रांत प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालीं स्थापन झालें. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालीं, हवेचा १९८१ सालीं व भोपाळच्या वायुगळतीनंतर पर्यावरण संरक्षणाचा १९८६ सालीं झाला. कारखाना बंद करविण्याचा, त्याची वीज व पाणी तोडविण्याचाहि अधिकार मंडळास आहे. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्यांतील मूळ गुन्ह्याची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तिच्या जागीं १०,००० ते १५ लाख रुपये दंड आला.

मग अडतें कोठें? पुराव्यापाशीं. शेतकरी काळें पाणी बाटलींत भरून कचेरींत नेतो. परंतु जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणें कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानें, कारखानदारास नोटीस देऊन, त्याच्या समक्ष दोन भाग करून मोहोरबंद करावयाचा असतो. हा विधि न पाळल्यास पृथक्करणाचा अहवाल न्यायालयांत पुरावा म्हणून चालत नाहीं. आमचें अर्धें आयुष्य महसूल दप्तरांत गेलें. नुकसान खरें असूनहि कागद नाहीं म्हणून रिकाम्या हातीं परतलेले शेतकरी आम्हीं पाहिले आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. घाण पाणी दिसतांच त्याच दिवशीं मंडळाच्या कार्यालयास लेखी कळवावें, नमुना घेण्याची मागणी करावी व पोंच घ्यावी. पीक उभें असतांच महसूल व कृषि खात्यांकडे पंचनाम्यासाठीं अर्ज द्यावा. त्यांत गट नंबर, तारीख, वाऱ्याची दिशा व भरतीओहोटीची वेळ लिहावी. दाद न लागल्यास कलम ४९ अन्वयें ६० दिवसांची नोटीस देऊन कोणासहि स्वतः फिर्याद करतां येते. मग फिर्यादीनें मागितल्यास मंडळास आपल्याजवळचे संबंधित अहवालहि सामान्यतः द्यावे लागतात. भरपाईसाठीं २०१० च्या कायद्यानें झालेलें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे; त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यास आहे. तेथें भरपाईच्या अर्जास ५ वर्षांची मुदत आहे, पर्यावरणाच्या इतर वादांस मात्र अवघी ६ महिन्यांची.

पावसापूर्वीं आपण बांधाची डागडुजी करतों, ती बांध फुटण्याची वाट न पाहतां. तशीच गांवानें मिळून एक वही आजपासून ठेवावी व पाण्याचा, धुळीचा, पिकाचा प्रत्येक फेरफार तारखेसह तींत नोंदवावा. वाद उभा राहील त्या दिवशीं ती वही आपल्या बाजूनें साक्ष देईल.