स्पीकरची पेटी – आपल्या हातची

"सूनबाई, माझे कान गेले बहुतेक," मामंजी एक दिवस म्हणाले. "तबला ऐकू येतो, पण डग्गा ऐकू येत नाही."

ऐकून पोटात धस्स झालं. मामंजींचं वय एक्क्याऐंशी. उमेदीत भजनी मंडळात तबला वाजवायचे. आता बोटं चालत नाहीत, पण दुपारचा चहा झाला की जुन्या म्युझिक सिस्टीमवर गाणं लावायचं आणि मांडीवर ठेका धरायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवसापासून तो नेमही त्यांनी मोडला. "कशाला लावायचं? अर्धंच तर ऐकू येतं," म्हणाले. घरात सगळ्यांनी मान डोलावली. वय झालं, कान जायचेच!

मला मात्र ते पटेना. वयामुळे कान कमी होतात ते बहुधा आधी बारीक, उंच सुरांना. टाळ, पाखरांची किलबिल, बोलण्यातले 'स' आणि 'श' हे आधी हरवतात. खर्जातले आवाज त्या मानाने पुष्कळ टिकतात. मग मामंजींचा डग्गाच आधी कसा गेला? दुसऱ्या दिवशी मी स्वतः खुर्ची ओढून त्या स्पीकरसमोर बसले. आणि काय सांगू, डग्गा मलाही ऐकू येईना!

मग स्पीकर फिरवून पाहिला. आम्ही सांगलीकर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, तेव्हा जमिनीवरचे हे दोन्ही स्पीकर खालून भिजले होते. वरून पुसले, वाळवले आणि पुन्हा लावले. पण त्यांच्या पेट्या भुशाच्या दाबीव फळीच्या. ती फळी पाणी पिऊन फुगली होती, सांधे उघडले होते आणि मागच्या बाजूला माझं बोट आत जाईल एवढी फट पडली होती. मामंजींचा डग्गा त्या फटीतून जात होता!

पेटीचं काम काय?

स्पीकरमधला कागदी पडदा पुढेमागे हलतो. तो पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढे एक लाट, मागे तिच्या बरोबर उलटी लाट. या दोघी एकमेकींना भेटल्या की जमाखर्च शून्य! बारीक सुरांच्या लाटा आखूड असतात, त्या वळून फारशा मागे जात नाहीत. पण सेकंदाला १०० कंपनांचा खर्जातला सूर घेतला, तर त्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. ती वळसा घालून सहज पलीकडे पोचते. म्हणून उघड्या किंवा फुटक्या पेटीच्या स्पीकरमधून तबला वाजतो आणि डग्गा गायब होतो.

मागची लाट आत कोंडून ठेवायची, हे पेटीचं पहिलं काम. दुसरं काम म्हणजे स्वतः गप्प बसायचं. आमच्या शेजारी मिरजेला सतारी-तंबोरे होतात. तिथला भोपळा आणि लाकूड सुरात सूर मिसळतं म्हणून तर त्या वाद्यांची कीर्ती! पण स्पीकरची पेटी हे वाद्य नव्हे. गाणाऱ्याचा आवाज जसा आहे तसा यायला हवा, त्यात लाकडाने आपली भर घालायची नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून खणखणीत वाजणारा निवडतो ना? पेटीचं नेमकं उलट. टिचकी मारल्यावर 'ठक्क' असा मुका, भरीव आवाज आला की पेटी पास.

अशी घट्ट बंद छोटी पेटी अमेरिकेत १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी पुढे आणली. तोपर्यंत चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावायचं, ही त्यांची कल्पना. त्यासाठी पडद्याची कड मऊ हवी होती. पहिल्या नमुन्याला त्यांनी गादीच्या खोळीचं कापड वापरलं आणि त्या कडेचा बेत आखून दिला तो त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी. हे वाचलं आणि मला धीर आला. जे काम गादीच्या खोळीपासून सुरू झालं, ते आपल्याला का जमू नये?

"अगं, सुतारकाम आहे ते, ब्लाऊज बेतणं नव्हे," हे म्हणाले. मी म्हटलं, "बेतणंच आहे. फक्त कापड जाड आहे!"

सामान आणि मापं

आधी स्पीकर घ्यावा, मग पेटी बेतावी. माप घेतल्याशिवाय कापड कापतो का आपण? चांगल्या स्पीकरबरोबर एक कागद मिळतो. त्यावर किती लिटरची पेटी हवी आणि भोक किती व्यासाचं हवं, ते दिलेलं असतं. दुकानदाराकडे तो कागद मागूनच घ्यावा. बंद पेटीसाठी हवा, हेही स्पष्ट सांगावं. स्पीकर किती ओहमचा, तेही पाहावं. आपल्या अॅम्प्लिफायरच्या पाठीवर जो आकडा लिहिलेला असेल, त्याच्याशी तो जुळायला हवा. आम्ही घेतलेल्या साडेसहा इंची स्पीकरच्या कागदावर १२ लिटर होतं. त्यासाठीची, १८ मिलिमीटर प्लायवूडची मापं देते. एका पेटीला:

दोन बाजू – ३३.६ × २० सें.मी.
वरची आणि खालची फळी – २० × २० सें.मी., दोन नग
पुढची आणि मागची फळी – ३३.६ × २३.६ सें.मी., दोन नग
आडवी पट्टी – २० सें.मी. लांब, एक

आतली पोकळी होते २० × ३० × २०, म्हणजे बारा हजार घन सेंटिमीटर, बरोबर १२ लिटर. प्लायची जाडी मात्र दुकानातच मोजून पाहावी. ती कमीजास्त असली तर मापंही तेवढी बदलतात. दोन पेट्यांना चार फूट बाय तीन फुटांचा तुकडा पुरतो. अख्खा आठ बाय चारचा तक्ता घ्यायची गरज नाही.

प्लायवर आयएसआयची खूण आणि आयएस ३०३ हा आकडा पाहून घ्यावा. ओल येणाऱ्या घरात आयएस ७१० चा, पाण्याला टिकणारा प्लाय घेतलेला बरा. भुशाची दाबीव फळी स्वस्त पडते खरी, पण पुराच्या गावात ती घेऊ नये, हे मी अनुभवाने सांगते.

याखेरीज लाकडाचा फेविकॉल, दीड इंची स्क्रू, पॉलिश पेपर, खिडकीला लावतात ती फोमची पट्टी, एम-सील आणि उशीत भरायचा फायबरचा कापूस लागतो. साधा कापूस पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून तो नको.

कृती

फळ्या वखारीतच मशीनवर कापून घ्याव्यात. सारख्या मापाचे सगळे तुकडे मशीनची पट्टी न हलवता एकापाठोपाठ कापायला सांगावं, म्हणजे केसभरही फरक पडत नाही. घरी आल्यावर आधी सगळं कोरडंच जुळवून पाहावं. आपण शिवण्याआधी टाचून बघतो, तसं.

मग दोन बाजूंच्या मध्ये वरची आणि खालची फळी बसवून चौकट करावी. चौकट काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून पाहावं. गुण्या नसेल तर सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट सरळ. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावं, नाहीतर प्लाय कडेला फाटतो. फेविकॉल सढळ हाताने लावावा. दाबल्यावर सांध्याच्या सगळ्या लांबीवर तो मोत्यांसारखा बाहेर आला पाहिजे. जिथे आला नाही, तिथे फट राहिली असं समजावं. बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसावा.

सुताराकडचे शिकंजे माझ्याकडे नव्हते. मी चौकटीला दोरीचे चार फेरे घेतले, मध्ये लाटणं घातलं आणि पिळून आवळलं. मागची फळी लावल्यावर वर पाटा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, मिक्सर आल्यापासून बिचारा रिकामाच बसला होता!" हे सगळं एक रात्र आणि एक दिवस हलवू नये.

दोन बाजूंच्या मध्ये आडवी पट्टी चिकटवावी. या एका पट्टीने पेटीची थरथर खूप कमी होते. ती अगदी मध्यावर न लावता थोडी वर लावावी, म्हणजे स्पीकरच्या लोहचुंबकाला अडत नाही. मग आतल्या सगळ्या सांध्यांवरून फेविकॉलचं एक बोट फिरवावं.

पुढच्या फळीवरचं भोक हे खरं जोखमीचं काम. कागदावर दोन व्यास असतात, एक अख्ख्या स्पीकरचा आणि दुसरा भोकाचा. कापायचा तो दुसरा. पहिला कापला तर स्पीकर सरळ आत पडेल! आधी पुठ्ठ्यावर गोल कापून स्पीकर बसवून पाहावा, मगच लाकडावर आखावं. हे भोक मी सुतारकाकांकडून जिगसॉ मशीनवर कापून घेतलं आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. पुढची फळी चिकटवून वाळली की त्याच भोकातून कापूस सैलसर भरावा. ठासून भरू नये, स्पीकरच्या पाठीला चिकटू देऊ नये.

वायर सोल्डर करून घ्यावी. स्पीकरच्या चकतीखाली फोमची पट्टी लावावी. कुकरची रिंग जे काम करते, तेच ती इथे करते. मग स्क्रू आवळावेत, पण समोरासमोरचे, आळीपाळीने.

माझी चूक

पहिली पेटी लावली आणि खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला 'फुस्स' असा आवाज यायला लागला. सगळ्यांची हसून पुरेवाट! मी फेविकॉलच्या सांध्यांना दोष देत बसले. शेवटी उदबत्ती पेटवली आणि गाणं चालू ठेवून हळूहळू सगळ्या कडांवरून फिरवली. सांध्यांजवळ धूर सरळ वर जात होता. मागे वायरच्या भोकापाशी आणली, तर धूर ठोक्यागणिक फुरफुरायला लागला. एवढ्याशा भोकाने काय होतंय, म्हणून मी ते तसंच सोडलं होतं. एम-सील लावलं, फुस्स बंद!

आणखी एक गोष्ट. दोन्ही स्पीकरना लाल वायर लालला आणि काळी काळ्यालाच लावावी. एकीकडे उलट झाली तर एक पडदा पुढे आणि दुसरा मागे जातो, आणि डग्गा पुन्हा गायब. खूण पुसली असेल तर स्पीकर सुटा असताना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. पडदा पुढे आला तर सेलची अधिक बाजू ज्या टोकाला लागली, ते अधिकचं टोक.

सांभाळून!

मशीनजवळ पदर खोचलेला, केस बांधलेले हवेत. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवावं. त्यात अशुभ काही नाही. ते पात्यात अडकणं अशुभ! फिरत्या पात्याजवळ हातमोजेसुद्धा घालू नयेत. प्लायचा भुसा बारीक असतो आणि त्यात गोंदाचे अंश असतात. पॉलिश पेपर घासताना नाकाला मास्क लावावा आणि काम अंगणात किंवा गच्चीत करावं. दम्याचं माणूस घरात असेल तर हे कटाक्षाने पाळावं. अॅम्प्लिफायर उघडायच्या भानगडीत मात्र पडू नये. ते काम जाणकाराचं.

सजावट आणि जागा

बाहेरून रंग, पॉलिश किंवा सनमायका, जे घराला शोभेल ते करावं. पुढे लावायचं कापड तोंडाशी धरून फुंकर मारून पाहावी. फुंकर आरपार गेली की सूरही जातील. आमच्या पेट्यांना सासूबाईंच्या जुन्या वायलच्या पातळाचा तुकडा आहे. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात सारली तर खर्ज घुमतो, म्हणून वीतभर पुढे घ्यावी. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवली तर उत्तम. आमच्या आता जमिनीवर नाहीत, भिंतीतल्या फळीवर आहेत. कृष्णामाईचा काय भरवसा!

दोन्ही पेट्या लागल्या त्या दुपारी मी मामंजींना हाताला धरून आणलं आणि भजन लावलं. ते डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने उजवा हात आपोआप मांडीवर आला. "आला!" म्हणाले. "डग्गा आला." सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

भजन संपलं. मामंजी म्हणाले, "सूनबाई, भजनात टाळ का नाहीत गं?"

टाळ होते. शेवटपर्यंत, अगदी खणखणीत. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. त्या आठवड्यातच आम्ही मामंजींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत निघालं ते असं, की खर्जाला दोन्ही कान ठीक, पण बारीक सुरांना बरेच कमी. टीव्हीवरचं बोलणं कळत नाही म्हणून ते बातम्या सोडून उठायचे, त्याचं कारण हे होतं आणि आम्ही त्याला हट्टीपणा म्हणत होतो. आता त्यांना यंत्र बसवलंय. पहिले काही दिवस कुरकुर केली, आता सकाळी स्वतःच लावतात.

म्हणून मैत्रिणींनो, पेटी कराच. आणि घरातलं म्हातारं माणूस "ऐकू येत नाही" म्हणालं, तर मान डोलावून मोकळ्या होऊ नका. त्याच्या शेजारी बसून एकदा आपणही ऐकून पाहा.