रिलेला कळता कामा नये

कपाटात धरण आहे, जनित्रं आहेत, शेकडो किलोमीटरची वाहिनी आहे, सगळी आकड्यांची. बाहेर टेबलावर वायरींनी जोडलेला, बिघाड ओळखणारा रिले मात्र खरा. आकड्यांच्या वाहिनीचा एक फेज जमिनीला टेकवला, की रिले ट्रिपचा हुकूम सोडतो आणि कपाटातला ब्रेकर उघडतो. आपल्याला फसवलंय हे रिलेला कळता कामा नये, एवढीच या यंत्राची परीक्षा.

आरटीडीएस नावाचं हे यंत्र कॅनडातल्या विनिपेगचं. मॅनिटोबा प्रांताची बरीचशी वीज उत्तरेतल्या नेल्सन नदीवर तयार होते आणि सुमारे ९०० किंवा त्याहून जास्त किलोमीटरच्या डीसी वाहिन्यांवरून दक्षिणेत येते. अशा वाहिनीचे कंट्रोल चालू ग्रिडवर तपासायची सोय नसते. म्हणून हा खटाटोप. यंत्र विकणारी कंपनी १९९४ची. आतलं गणित त्याहून जुनं, हर्मन डोमेल यांनी १९६९मध्ये मांडलेलं.

हे गणित वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे सरकतं. एक पाऊल साधारण ५० मायक्रोसेकंदांचं. म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात ४०० पावलं. प्रत्येक पावलात अख्ख्या जाळ्याचे व्होल्टेज सोडवायचे, प्रोसेसरच्या शेजारच्या कोअरला कळवायचे, रिलेशी देवाणघेवाण करायची. ऑफिसातला संगणक मध्येच क्षणभर अडखळला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे ५१वा मायक्रोसेकंद लागला, की सोंग उघडं पडलं.

मग दहा कोअर घातले की काम दसपट? तसं नाही. ५० मायक्रोसेकंदांत विजेची लाट फार तर १५ किलोमीटर जाते. त्याहून लांब वाहिनीच्या दोन टोकांना एकाच पावलात एकमेकांची खबर लागत नाही. दोन टोकं दोन कोअरना बिनधास्त वाटून द्यावीत. आपल्या चंद्रपूर-पडघे डीसी वाहिनीची लांबी ७५२ किलोमीटर. लाटेला किमान अडीच मिलिसेकंद लागतात, म्हणजे ५० पावलं. निसर्गानेच दिलेली ही सवलत. पण शहरातलं गच्च सबस्टेशन असं कापता येत नाही. तिथे एकट्या कोअरचाच कस लागतो.

या कपाटांत आधी १ गिगाहर्ट्झचे पॉवरपीसी होते, मग १.७चे. २०१७च्या नोव्हाकोर या नव्या आवृत्तीत आयबीएमचा दहा कोअरचा, ३.५ गिगाहर्ट्झचा पॉवर८ आला. वेग दुपटीचा, पण माझ्या मते खरी कमाई वेगळी: पूर्वी कार्डाकार्डांत होणारं बोलणं आता बरंचसं एकाच चिपमध्ये उरकतं.

प्रोसेसरची तुलना करायची असेल तर सरासरी वेगाचे तक्ते बाजूला ठेवा. तुमचं सगळ्यात गच्च सबस्टेशन त्यावर चढवा, तासभर चालू द्या आणि सर्वात संथ पाऊल मोजा.