डिस्क टकटकते काहून?

सकाळी साडेनऊ. शटर वर, झाडू, उदबत्ती. धामणगावकडे जाणारी एसटी समोरून गेली की बाभुळगावातलं आमचं दुकान सुरू झालं समजायचं.

दहा वाजता शाळेचे सर आले. पेन ड्राइव्हमधले धडे टॅबवर दाखवायचेत. टाइप-सीची ओटीजी पिन लावली, फाइली दिसल्या, सर गेले. पेन ड्राइव्हचं असंच असतं, तिला वीज नावापुरतीच लागते.

अकराला लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा हार्ड डिस्क अन् टॅब घेऊन हजर. "भाऊ, तुमची पिन खराब निघाली. डिस्क नुसती टकटकते!"

डिस्क कानाला लावली. आतली तबकडी फिरायचा प्रयत्न करत होती अन् दम सुटून थांबत होती. ओटीजीचा नियम निघाला 2001 मध्ये, तो फोनसारख्या छोट्या वस्तू कॉम्प्युटरशिवाय एकमेकींना जोडता याव्यात म्हणून. यूएसबी 2.0 च्या हिशेबाने पोर्टातून फार तर अर्धा अँपिअर मिळतो. तबकडी सुरू होताना त्याच्या दुपटीपर्यंत मागते. मधे स्वतःचा चार्जर असलेला हब टाकला. टकटक बंद, बारीक घरघर सुरू.

पण टॅबवर फाइली नाहीत, उलट 'फॉरमॅट करा' म्हणून सूचना! पोराचं बोट निघालंच होतं, मी हात धरला. डिस्क कॉम्प्युटरवरची, एनटीएफएस. बरेच टॅब ते वाचत नाहीत. फॉरमॅट दाबलं असतं तर नवरी-नवरदेव, वरात, सगळं साफ. आधी माल कॉम्प्युटरवर उतरवायचा, मग डिस्क एक्सफॅट करायची. फॅट 32 नको, त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, अन् यांच्या एकेका फेऱ्याची फाइल त्याहून मोठी.

एक वाजता लाइट गेली. हबही मेला. भाकर-वरण उरकून घेतलं.

तीनच्या सुमारास पुण्याहून आलेल्या एका पोरीचा आयपॅड, त्यात डिस्क दिसेना. 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून 'फाइल्स'मध्ये बाहेरची डिस्क दिसते. पोरीला अपडेट करायला सांगितलं, बाकी काही नव्हतं.

लाइट आल्यावर लावलेली लग्नाच्या डिस्कची कॉपी सहाला पूर्ण. डिस्क एक्सफॅट केली, माल परत भरला, टॅबवर व्हिडिओ चालवून दाखवला. पोरगा वायर ओढायला निघाला.

"आधी इजेक्ट कर, बाप्पा!"

"बरं. हबचे किती?"

"किंमत डब्यावर आहे. पिनीचे वेगळे. ती खराब नव्हती."