छपरावर चढण्याआधी

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगर या भागांत घरांवरची कौले उडाली, सिमेंटचे पत्रे फुटले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. डोक्यावर पाऊस उभा होता, त्यात लॉकडाऊन. पत्रे मिळेनात, सुतार मिळेना. तेव्हा हाताला लागेल ती शिडी घेऊन घरची माणसेच छपरावर चढली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले आणि बसवलेली छपरे पुन्हा हलली.

वादळ दरवर्षी येत नाही, पण छपराची डागडुजी दरवर्षी असते. मृगाच्या आधी शाकारणी झाली नाही तर घरात पाणी येते. आपल्या बौद्धवाड्यांत हे काम बहुधा मे महिन्यात होते, कारण तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. वर्षभर खुर्चीत किंवा मशीनवर काम करणारा माणूस दोन दिवसांची सुट्टी उरली म्हणून घाईने छपरावर चढतो. वळचण जमिनीपासून आठ-दहा फुटांवरच असते, म्हणून कोणाला भीती वाटत नाही. पण एवढ्या उंचीवरून पडले तरी टाच, मनगट किंवा मणका मोडू शकतो. कमावत्या माणसाचा मणका गेला की सारे घर अंथरुणाला खिळते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर छपराची गोष्ट.

सिमेंटचा पत्रा : सर्वांत फसवा

कौले काढून सिमेंटचे पत्रे घातलेली घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा पत्रा खालून मजबूत दिसतो, पण तो माणसाचे वजन घेण्यासाठी बनवलेला नसतो. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेला, शेवाळ धरलेला पत्रा पाय ठेवताच आवाज न करता फुटतो आणि माणूस थेट घरातल्या लादीवर पडतो. उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा त्याहून वाईट. धूळ बसल्यावर तो बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसतो.

यावर पहिला उपाय म्हणजे वर न चढणे. एखादा पत्रा बदलायचा असेल किंवा गळती बुजवायची असेल तर घरातून मचाण बांधून खालूनच काम होते का ते आधी पाहा. चढणे भागच असेल तर पत्र्यावर थेट पाऊल टाकू नका. जाड, लांब फळी किंवा आडवी टाकलेली शिडी पत्र्यांवर अशी ठेवा की ती खालच्या किमान दोन वाशांवर किंवा लोखंडी पाइपांवर टेकेल. हुकांची रांग जिथे दिसते, तिथे खाली आधार असतो. फळी घसरू नये म्हणून दोराने बांधा आणि तिच्यावरूनच सरका. एक फळी पुढे सरकवताना उभे राहायला दुसरी हवी, म्हणून दोन फळ्या घ्या.

आणखी एक गोष्ट. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा कापताना किंवा फोडताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. हा आजार वीस-तीस वर्षांनी उघड होतो, म्हणून आज त्रास होत नाही यावर जाऊ नका. पत्रा ग्राइंडरने कापू नका. तो पाणी मारून ओला करा आणि शक्यतो अख्खाच उतरवा. कचरा कोरडा झाडू नका. फुटके तुकडे अंगणात भरावासाठी वापरू नका, मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका.

कौले आणि लोखंडी पत्रा

कौलारू घरात फुटके कौल बऱ्याचदा माळ्यावरून, आतूनच सरकवून बदलता येते. वर गेलात तर पाय रिपेच्या मधोमध न ठेवता खाली वासा असेल तिथे ठेवा. कौले एकाच जागी रचू नका. वाळवीने पोखरलेली रीप त्या ओझ्यानेच मोडते.

लोखंडी पत्र्याला खाऱ्या हवेचा शाप. हुक आणि नटबोल्ट आधी गंजतात, मग पत्रा त्यांच्याभोवती सडतो. वरून रंग चांगला दिसला तरी काठीने ठोकून पाहा. सकाळी दव असते तोवर पत्रा निसरडा असतो, दुपारी तव्यासारखा तापतो. दव सुकल्यावर कामाला लागा आणि ऊन चढण्याआधी उतरा. पावसाची सर येऊन गेली की त्या दिवशी काम बंद. वारा असेल तेव्हा सुटा पत्रा हातात घेऊन वर उभे राहू नका. वारा पत्र्यासकट माणसाला ओढतो.

शिडी कशी लावावी

शिडी चार फूट उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर हवा. बारा फुटांना तीन फूट. याहून उभी लावली तर शिडी मागे कलते, फार पसरली तर पाय घसरतो. शिडीचे टोक वळचणीच्या वर तीन फूट निघालेले असावे, म्हणजे उतरताना धरायला काही राहते. वरचे टोक भक्कम वाशाला दोराने बांधा. बांधून होईपर्यंत खाली एक माणूस शिडी धरून उभा हवा.

पुळणीच्या वाळूत शिडीचा पाय रुततो. खाली रुंद फळी द्या. जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर किंवा गडग्याच्या सुट्या दगडांवर शिडी कधीच लावू नका. बांबूची शिडी वर्षभर पडवीमागे भिजत पडलेली असेल तर आधी प्रत्येक पायरीवर जमिनीलगत उभे राहून वजन देऊन पाहा. तार आणि खिळे गंजले असतील तर नव्याने बांधा. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय सतत शिडीला असू द्या. हत्यारे पिशवीत घालून दोराने वर ओढून घ्या. खाली उभ्या माणसांनी, विशेषतः कौले देणाऱ्या बायामाणसांनी, काम चालले आहे त्याच्या थेट खाली थांबू नये.

कमरेला दोर बांधून चढण्याची पद्धत आहे. पण पडताना त्या दोराचा हिसका पोटाला आणि मणक्याला बसतो. खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा त्यापेक्षा सुरक्षित. त्याचा दोर गंजलेल्या पत्र्याला न अडकवता आढ्याला किंवा पलीकडच्या मजबूत झाडाला बांधावा.

विजेची तार

घराचा मेन स्विच बंद केला म्हणजे धोका संपला असे नाही. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार त्यानंतरही चालूच असते. तीच तार पत्र्याच्या कडेला घासून सोलली असेल तर सगळे छप्पर विजेने भारलेले असते. तार छपराला टेकलेली दिसली तर १९१२ वर तक्रार करा आणि लाइनमन वीज तोडेपर्यंत वर जाऊ नका. तारेजवळ ॲल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी पाइप नेऊ नका. १४ एप्रिलच्या जयंतीला पताका, रोषणाई आणि झेंडे उंचावर बांधताना आपली तरुण मुले हीच जोखीम घेतात. विजेच्या खांबावर झेंडा किंवा दिव्यांची माळ बांधायला कोणाला चढवू नका.

कोणी चढू नये

चक्कर येणारे, फिट येणारे, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी असलेले, दृष्टी अधू झालेले आणि वय झालेले यांनी खालून सूचना द्याव्यात. दारू प्यायलेल्या माणसाला शिडीला हात लावू देऊ नये, आदल्या रात्री प्यायलेल्यालाही नाही. एकट्याने कोणीच चढू नये.

अलिबाग, किहीम, नागाव, काशीद भागात बंगल्यांची आणि कॉटेजची छपरे दुरुस्त करायला, झावळ्या उतरवायला वाड्यांतली मुले रोजावर जातात. काम घेताना मजुरीबरोबर शिडी, पट्टा आणि जोडीला दुसरा माणूस मागा. हा हट्ट नव्हे, हक्क आहे.

कोणी पडलाच तर

त्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, हात-पाय ओढू नका. मान आणि पाठ जराही न हलवता १०८ ला फोन करा. हातापायांची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का हे विचारा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. हलवणे अटळच असेल तर चार जणांनी डोके, खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत धरून ओंडका वळवावा तसे एकदम वळवावे आणि दाराच्या फळीवर घ्यावे. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेल्याने वाचलेला मणका वाटेत जाऊ शकतो.

डोक्याला मार लागला असेल तर माणूस बोलतो-चालतो म्हणून घरी ठेवू नका. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त ही धोक्याची लक्षणे आहेत. विजेचा धक्का बसलेल्याला वीज तुटल्याशिवाय हात लावू नका. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका.

कागदही तयार ठेवा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणजे शाकारणीच्याच दिवसांत. पैसे खात्यातून कापले गेले का ते बँकेत विचारा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी.

एक चांगली शिडी, दोन फळ्या आणि एक पट्टा प्रत्येक घराला परवडणार नाही, पण वाडीला परवडेल. बुद्धपौर्णिमेला गावकरी आणि मुंबईकर दोघेही विहारात जमलेले असतात. त्याच दिवशी वर्गणी काढून हे सामान घ्या, विहारात ठेवा, कोणी नेले आणि परत आणले याची वही करा. आणि यंदा पहिले छप्पर एकट्या राहणाऱ्या आजीचे शाकारा.