पहिला कॅमेरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेगापिक्सेलचा आकडा जितका मोठा तितके छायाचित्र सरस, हा नवोदितांमधील सर्वांत रूढ समज चुकीचा आहे. चित्र ज्या सूक्ष्म बिंदूंनी बनते त्यांची दशलक्षांतील संख्या म्हणजे मेगापिक्सेल. 24 मेगापिक्सेलच्या चित्रात साधारणतः 6000 × 4000 बिंदू असतात आणि इंचाला 300 बिंदू या छपाईच्या रूढ प्रमाणाने त्याची 20 इंच लांबीची उत्तम प्रत निघते. 24 ऐवजी 32 मेगापिक्सेल घेतले, तरी ही लांबी जेमतेम 15 टक्क्यांनी वाढते. एवढ्यासाठी जादा पैसे मोजणे नवोदिताच्या हिताचे नाही.

याहून नुकसानकारक समज असा की, महत्त्व बॉडीला, म्हणजे मूळ कॅमेऱ्याला असते आणि लेन्स सोबत मिळेल ती चालते. बॉडीबरोबर बहुधा 18-55 मिलिमीटरची किट लेन्स येते. तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, 55 मिलिमीटरला फार तर एफ/5.6 इतकेच उघडते. हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, त्यामुळे 50 मिलिमीटर एफ/1.8 ही तुलनेने स्वस्त लेन्स तिच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. देवळातल्या मंद उजेडात कीर्तन टिपताना किट लेन्सला शटर 1/15 सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर तिथे या लेन्सला 1/125 सेकंद पुरतो. पहिल्या चित्रात टाळकऱ्यांचे हात पुसट होतात, दुसऱ्यात ते बहुधा स्पष्ट उमटतात. बॉडी बदलून एवढा फरक क्वचितच पडतो.

36 × 24 मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरवाचून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या एवढ्या मोठ्या फलकावाचून, गंभीर छायाचित्रण होत नाही, हेही खरे नाही. मंद प्रकाशात मोठ्या सेन्सरचा लाभ होतो हे मान्य, पण त्याच्या लेन्स महाग आणि जड असतात.

आरशाचे डीएसएलआर कॅमेरे आता निरुपयोगी झाले, हा समज अर्धवट आहे. कॅनन आणि निकॉन यांचा भर 2018 पासून आरसाविरहित, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांवर वाढत गेला हे खरे. तथापि जुन्या डीएसएलआरच्या चित्रांचा दर्जा त्यामुळे घटलेला नाही. लक्षात घ्यायची बाब माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या खोबणीची आहे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये खोबणीपासून सेन्सर 44 मिलिमीटरवर, तर मिररलेसच्या आरएफमध्ये 20 मिलिमीटरवर असतो. म्हणून ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर चालते, उलट मात्र जमत नाही. बॉडी काही वर्षांनी बदलली जाते, चांगली लेन्स दीर्घकाळ साथ देते. म्हणून नवोदिताने आधी माउंट ठरवावा, वापरलेली बॉडी घ्यावी लागली तरी चालेल, पण एफ/1.8 ची एक लेन्स पहिल्याच खरेदीत घ्यावी.